मधुमेही व्यक्तींचे मनःस्वास्थ्य आणि मोबाईलवरील व्यायामवर्ग

चिखली हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. बुलढाणा, खामगाव, मेहकर आणि देऊळगाव राजा येथून येणारे रस्ते येथे एकत्र येतात. सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा या पिकांवर येथील बाजारपेठ व भोवतालची खेडी अवलंबून आहेत. अशा शेतीप्रधान तालुक्यात मधुमेहाचा विचार करण्याचे कारण काय, असा प्रश्न काही वर्षांपूर्वी सहज विचारला गेला असता. मधुमेह हा शहरात राहणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या सुखवस्तू लोकांचा रोग होय, असाच सर्वसाधारण समज होता. तो समज आता टिकण्यासारखा राहिलेला नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार राज्यातील वीस वर्षांवरील लोकसंख्येत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले. शहरी भागात ते १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. म्हणजे एक हजार प्रौढांच्या खेड्यात सरासरीने ६५ व्यक्ती मधुमेही असण्याचा संभव त्याही वेळी होता. याच पाहणीचे संपूर्ण देशासंबंधीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत.

या रोगाच्या शारीरिक बाजूकडे आता बरेच लक्ष दिले जाऊ लागले आहे. त्याच्या मानसिक बाजूकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. व्यायाम हा शरीर आणि मन या दोहोंना उपयोगी पडणारा उपाय आहे, आणि हातातील मोबाईलमुळे तो शिकविण्याचे एक नवे साधन खेड्यापर्यंत पोहोचले आहे. या साधनाचा चिखलीसारख्या तालुक्यात कसा उपयोग होऊ शकेल आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार ग्रामपंचायतींनी, शिक्षकांनी व शासकीय कर्मचाऱ्यांनी करणे अगत्याचे आहे.

साखर आणि मन यांचा संबंध

मधुमेह आणि खिन्नता यांचा संबंध वैद्यकाला नवा नाही. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी दीर्घकाळचे दुःख हे मधुमेहाचे एक कारण असावे, असे मत मांडले होते. आधुनिक संशोधनाने ते मत जसेच्या तसे स्वीकारलेले नाही. परंतु मधुमेही व्यक्तींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट असते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

हा संबंध दोन्ही बाजूंनी चालतो. मनावर सतत ताण असला की शरीरात कॉर्टिसॉल व अॅड्रिनॅलिन यांसारखे स्राव वाढतात आणि त्यांच्यामुळे रक्तातील साखर वाढते. झोप बिघडते, जेवणाच्या वेळा चुकतात, गोळ्या घेण्याचा कंटाळा येतो आणि तपासणीस जाणे पुढे ढकलले जाते. उलटपक्षी साखर वाढलेली राहिली की थकवा येतो, पायांची जळजळ होते, रात्री वारंवार उठावे लागते आणि कामाचा उत्साह ओसरतो. औषधांचा खर्च, पथ्य सांभाळताना घरात होणारी ओढाताण आणि डोळे, मूत्रपिंड वा पाय निकामी होण्याची धास्ती यांची त्यात भर पडते.

येथे दोन अवस्थांमधील भेद लक्षात घेतला पाहिजे. रोज पथ्य, रोज औषध, रोज काळजी यांनी येणारा वैताग हा मधुमेहाशी निगडित असा ताण होय. तो पुष्कळांना येतो आणि आधार, माहिती व सोबत मिळाल्यास कमी होतो. नैराश्य हा मात्र स्वतंत्र आजार आहे. त्यात मन सतत उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, झोप व भूक बदलते आणि जगण्याविषयीच निरिच्छता उत्पन्न होते. त्यास वैद्यकीय उपचारांची गरज असते. पहिल्याला आजार समजून घाबरवू नये आणि दुसऱ्याला आळस समजून हिणवू नये.

बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नामुळे ज्या सहा जिल्ह्यांकडे देशाचे लक्ष वेधले गेले, त्यांत बुलढाण्याचा समावेश होतो. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. पीक, पाऊस आणि कर्ज यांची चिंता जेथे आधीच आहे, तेथे आयुष्यभर सांभाळावयाच्या रोगाची चिंता किती जड होते, हे वेगळे सांगावयास नको.

श्रम करणाऱ्यास व्यायाम कशाला?

शेतकरी दिवसभर राबतो, मग त्याला व्यायामाची आवश्यकता काय, हा प्रश्न खेड्यात हमखास विचारला जातो. तो रास्त आहे. परंतु शेतीतील श्रमांचे स्वरूप आता पूर्वीचे राहिलेले नाही. नांगरणी, पेरणी व मळणी यांचे पुष्कळसे काम ट्रॅक्टर व इतर यंत्रे करतात. शेतावर जाण्यासाठी मोटारसायकल आली आहे. शिवाय शेतीचे श्रम हंगामी असतात. सोयाबीनची काढणी किंवा कापसाची वेचणी चालू असताना अंग मोडून काम होते. हरभऱ्याचा हंगाम आटोपला की पावसाळ्यापर्यंत पुष्कळांच्या हाताला नियमित काम राहत नाही. मधुमेहाला मात्र हंगाम नसतो.

शरीराचा बांधा बारीक आहे म्हणून मधुमेह होणार नाही, ही समजूतही चुकीची ठरली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले व डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश संशोधकाचे उदाहरण वैद्यकीय जगापुढे ठेवले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक सारखाच, म्हणजे २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात ती २१.२ टक्के होती. दिसावयास सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी अधिक, अशी अनेक भारतीयांची शरीररचना असते. म्हणून केवळ वजन घटविणे पुरेसे नसून स्नायू बळकट करणे आवश्यक ठरते.

व्यायामाने साखर कशी उतरते, हे समजले म्हणजे नियमितपणाचे महत्त्वही पटते. स्नायू हे साखर वापरणारे शरीरातील सर्वांत मोठे कोठार होय. स्नायू हालचाल करू लागले की इन्सुलिनची फारशी मदत नसतानाही ते रक्तातील साखर आत ओढून घेतात. व्यायाम थांबल्यानंतरही इन्सुलिनचा परिणाम साधारणतः एक ते दोन दिवस अधिक चांगला होत राहतो. त्यापुढे हा लाभ ओसरतो. यासाठीच आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन ते तीन दिवस स्नायूंना बळ देणारे प्रकार करावेत आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे.

मनाच्या बाबतीतही व्यायामाचा लाभ आता केवळ अनुभवाचा विषय राहिलेला नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात नैराश्य असलेल्या १४,१७० व्यक्तींचा समावेश असलेल्या २१८ चाचण्यांचा एकत्रित विचार करण्यात आला. चालणे वा हळू धावणे, योगासने आणि स्नायूबळाचे व्यायाम हे प्रकार त्यात विशेष उपयुक्त आढळले. हे तिन्ही प्रकार खेड्यात बिनखर्चाने करता येण्यासारखे आहेत.

मोबाईल काय करू शकतो

व्यायाम करावा, हे मधुमेही व्यक्तीला बहुधा ठाऊक असते. तो कोणता, किती आणि कसा करावा व तो चालू कसा ठेवावा, ही खरी अडचण असते. २०११ मध्ये ४७ चाचण्यांतील ८,५३८ रुग्णांच्या माहितीचा आढावा घेण्यात आला. त्यात देखरेखीखाली आखून दिलेल्या व्यायामाने तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीत ०.६७ टक्क्याने घट झाल्याचे दिसले. आठवड्यास १५० मिनिटांपेक्षा अधिक व्यायाम करणाऱ्यांत ही घट ०.८९ टक्के होती. व्यायाम करा एवढाच सल्ला दिलेल्यांत आहाराच्या मार्गदर्शनाची जोड असेल तरच लाभ दिसून आला. थोडक्यात, नुसत्या उपदेशापेक्षा आखणी आणि देखरेख यांचे मोल अधिक आहे.

ही आखणी व देखरेख रोज पुरविणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास शक्य नसते. येथे मोबाईलची मदत होऊ शकते. प्रशिक्षकाने चित्रफितीतून वा थेट प्रक्षेपणातून व्यायाम दाखवावा, लोकांनी आपापल्या गावी तो करावा, अशी ही पद्धत आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत २१ जूनचा आंतरराष्ट्रीय योग दिवस घरी, कुटुंबासह साजरा करण्याचे आवाहन करण्यात आले, तेव्हा लक्षावधी लोकांना या पद्धतीचा परिचय झाला.

चिखलीच्या परिस्थितीत या पद्धतीचे काही लाभ उघड आहेत. एप्रिल-मे महिन्यांतील कडक उन्हात आणि पावसाळ्यातील चिखलात बाहेर फिरावयास जाणे अवघड होते. चित्रफितीवरील व्यायाम छपराखाली करता येतो. अनेक स्त्रियांना रस्त्याने केवळ फिरण्यासाठी जाण्याचा संकोच वाटतो. त्यांना घरी किंवा अंगणवाडीत, बरोबरीच्या स्त्रियांसह व्यायाम करणे सोयीचे वाटेल. जिल्ह्याच्या ठिकाणी वारंवार जाण्याचा वेळ व प्रवासखर्चही वाचतो.

मोबाईलवरील साध्या संदेशांचाही परिणाम होतो, असे भारतातील एका अभ्यासाने दाखविले आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३७ नोकरदार पुरुषांची दोन वर्षे पाहणी केली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. आहार व व्यायामाविषयी नियमित संदेश मिळालेल्या गटात १८ टक्के, तर असे संदेश न मिळालेल्या गटात २७ टक्के व्यक्तींना मधुमेह जडला. हा अभ्यास पुरुषांपुरता आणि प्रतिबंधापुरता होता, हे ध्यानात ठेवूनही त्यातून मिळणारा बोध मोलाचा आहे.

मराठी मुलखातही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेल्या आहारविचाराचा पुढे प्रसार करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळच्या जेवणास रोज ४५ मिनिटे चालण्याची जोड दिली. व्हॉट्सअॅपवरील गटांमधून हजारो मराठी माणसे एकमेकांना आपल्या चालण्याची व तपासण्यांची माहिती देऊ लागली. पुण्यात डॉ. प्रमोद त्रिपाठी यांच्या ‘फ्रीडम फ्रॉम डायबिटीस’ या संस्थेने आहार, व्यायाम, वैद्यकीय देखरेख आणि मनाची तयारी या चारही अंगांना आपल्या कार्यक्रमात स्थान दिले. यांतील आहारपद्धतींविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून जेवणाच्या वेळा बदलणे धोक्याचे असते. परंतु ओळखीच्या भाषेत, समदुःखी माणसांच्या संगतीत पाऊल उचलणे सोपे जाते, ही गोष्ट या प्रयत्नांतून स्पष्ट झाली.

साधनाच्या मर्यादा

मोबाईल सर्वांपर्यंत पोहोचला आहे असे गृहीत धरून योजना आखल्यास ज्यांना तिची अधिक गरज आहे तेच वगळले जातील. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के, तर पुरुषांचे सुमारे ६१ टक्के होते. त्यानंतर वापर वाढला असला, तरी घरातील मोबाईल बहुधा मुलाच्या किंवा पतीच्या हाती असतो, आणि साठीच्या आजीबाईंना त्याची कळ दाबता येतेच असे नाही.

दुसरी मर्यादा एकटेपणाची आहे. ज्याचे मन खचलेले आहे त्याला चित्रफीत पाठविली, तर ती उघडण्याचा उत्साहही त्याच्यापाशी नसतो. पहिल्या आठवड्यात सुरू झालेला व्यायाम तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो, आणि आपल्याकडून एवढेही होत नाही या भावनेने उदासीनता अधिकच वाढते. पडदा व्यायाम दाखवू शकतो. कोण आले नाही हे त्याला कळत नाही, आणि न आलेल्याच्या घरी जाऊन तो चौकशीही करू शकत नाही.

या संदर्भात भारतातच झालेला एक अभ्यास उद्बोधक आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळूर व विशाखापट्टणम येथील चार दवाखान्यांत मधुमेह व नैराश्य ही दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर तो करण्यात आला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटास नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटासाठी प्रशिक्षित साहाय्यक नेमण्यात आले. हे साहाय्यक डॉक्टर नव्हते; रुग्णाशी सतत संपर्क ठेवणे, त्याला धीर देणे आणि त्याची प्रगती तज्ज्ञांना कळविणे हे त्यांचे काम होते. नैराश्य निम्म्याने कमी होणे आणि त्याबरोबर साखर, रक्तदाब वा कोलेस्टेरॉल यांपैकी एकात तरी ठरावीक सुधारणा होणे, हे यश २४ महिन्यांनंतर दुसऱ्या गटातील ७१.६ टक्के, तर पहिल्या गटातील ५७.४ टक्के रुग्णांत दिसून आले. विचारपूस करणारे माणूस हेही उपचाराचे अंग आहे, असा याचा अर्थ होतो.

म्हणून खेड्यासाठी योग्य मार्ग म्हणजे मोबाईल एकेकट्याच्या हाती न सोपविता त्याला गावातील एकत्र व्यायामाचे साधन बनविणे होय.

गावातील व्यायामवर्गाची आखणी

अमडापूर, उंद्री, मेरा खुर्द किंवा शेलगाव आटोळ यांसारख्या तालुक्यातील गावांत यासाठी नवी इमारत वा मोठा निधी लागणार नाही. ग्रामपंचायतीचे सभागृह, शाळेची एखादी मोठी खोली किंवा समाजमंदिर पुरेसे आहे. शाळेत संगणक वा दूरचित्रवाणी संच असल्यास त्याचा उपयोग शाळेच्या वेळेबाहेर करता येईल. जेथे इंटरनेट अनियमित असते, तेथे चित्रफीत आधीच उतरवून ठेवावी. ती वैद्यकीय अधिकाऱ्याने पाहून मान्य केलेली असावी.

वर्ग आठवड्यातून पाच दिवस घ्यावा. बुधवार व रविवार असे विभागून सुटीचे दिवस ठेवल्यास लागोपाठ दोन दिवसांचा खंड पडणार नाही. आरंभी ५ मिनिटे सांधे मोकळे करावेत. त्यानंतरची ३० मिनिटे मुख्य व्यायामाची असावीत. पाच दिवसांत त्यांची बेरीज १५० मिनिटे होते. सोमवार, गुरुवार व शनिवार या दिवशी त्यांतील १० मिनिटे खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे अशा प्रकारांना द्यावीत. उरलेला वेळ जागच्या जागी चालणे व सोपी आसने यांत जावा. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, एवढे श्रम मध्यम समजावेत. शेवटची ५ मिनिटे संथ श्वसनासाठी ठेवावीत.

वर्ग संपल्यावर दहा मिनिटे बसून बोलणे हाही कार्यक्रमाचा भाग मानावा. कोणाला कोणते पथ्य जमले नाही, कोणाचे औषध संपले, कोणाची तपासणी राहिली, हे सहज बोलण्यातून कळते. आपल्यासारखीच अडचण दुसऱ्यालाही आहे हे समजल्याने मनावरचा भार हलका होतो. जो सदस्य लागोपाठ तीन वर्गांना आला नाही, त्याच्या घरी दुसऱ्या सदस्याने जावे, असा नियम असावा. या एका नियमावर वर्गाचे यश पुष्कळ अंशी अवलंबून राहील.

घ्यावयाची दक्षता

वर्गात येण्यापूर्वी प्रत्येकाची आरोग्य तपासणी व्हावी. पुढील गोष्टी वर्ग चालविणाऱ्याने पाठ करून ठेवाव्यात.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. हात थरथरणे, घाम सुटणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे व विनाकारण भीती वाटणे ही त्याची लक्षणे होत. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आल्यास अथवा ही लक्षणे दिसल्यास सुमारे १५ ग्रॅम म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तिला त्वरित रुग्णालयात न्यावे. वर्गाच्या जागी साखरेचा डबा व पाणी नेहमी असावे. ही लक्षणे आणि मनाच्या घबराटीची लक्षणे सारखीच दिसतात. असा अनुभव एकदा आलेला मनुष्य पुढे व्यायामालाच भितो. त्याला कारण समजावून सांगितल्यास ती भीती जाते.

पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी व्यायाम करू नये व रोज तळपाय पाहावेत. डोळ्यांच्या पडद्याला इजा झालेल्यांनी जड वजन उचलणे, श्वास रोखून जोर लावणे आणि शीर्षासनासारखी डोके खाली करण्याची आसने टाळावीत. छातीत दुखणे, धाप लागणे वा भोवळ येणे यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. ताप असताना किंवा साखर २५० मिलिग्रॅमच्या वर असून उलट्या वा अशक्तपणा असताना व्यायाम करू नये.

मधुमेहातून मुक्ती देण्याची आश्वासने मोबाईलवर विपुल आढळतात. त्यांच्यावर विसंबून कोणीही औषध बंद करू नये. औषधाशिवाय किमान तीन महिने सरासरी साखरेचे प्रमाण ६.५ टक्क्यांच्या खाली राहिल्यास रोग शमला असे म्हणावे, अशी व्याख्या जागतिक तज्ज्ञांनी २०२१ मध्ये निश्चित केली. तशा अवस्थेतही तपासण्या चालू ठेवाव्याच लागतात. मानसिक आजाराच्या गोळ्यांनाही हीच सूचना लागू पडते.

मनाची विचारपूस

साखरेची तपासणी होते तशीच मनाचीही विचारपूस व्हावी. त्यासाठी दोन साध्या प्रश्नांनी आरंभ करता येतो. गेल्या दोन आठवड्यांत नेहमीच्या कामांत गोडी वाटेनाशी झाली आहे काय? मन उदास, खचलेले वा निराश राहते काय? उत्तर होकारार्थी असेल तर तेवढ्यावरून रोगाचे निदान होत नाही. परंतु त्या व्यक्तीस समुदाय आरोग्य अधिकारी वा वैद्यकीय अधिकारी यांच्याकडे नेणे आवश्यक ठरते. हे प्रश्न एकांतात, आपुलकीने आणि तिच्या नेहमीच्या बोलीत विचारावेत.

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेत व रास्त भाव दुकानात ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलून दाखविल्यास ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. अशा व्यक्तीस एकटे सोडू नये, कीटकनाशके व दोर यांसारख्या वस्तू तिच्या हाताशी राहू देऊ नयेत आणि विनाविलंब रुग्णालयात संपर्क साधावा.

गुप्ततेचे भान सर्वांनी राखले पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाचा गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. कोणाची साखर किती, कोण समुपदेशनास जातो, ही माहिती गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकणे सर्वथा अनुचित होय. हजेरी व व्यायामाची मिनिटे एवढीच नोंद वर्गात असावी. बाकीची नोंद आरोग्य केंद्रात राहावी.

कोणी काय करावे

तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी करण्याचा कार्यक्रम शासनाने हाती घेतलेला आहे. २०१८ पासून विकसित होत असलेली आरोग्यवर्धिनी केंद्रे, ज्यांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हटले जाते, त्यांच्या कामात योग आणि मानसिक आरोग्य या दोहोंचा समावेश आहे. म्हणजे प्रश्न नव्या योजनेचा नसून असलेल्या धाग्यांची गाठ मारण्याचा आहे.

सरपंच व सदस्यांनी जागा, वेळ व वीज यांची सोय करावी आणि ग्रामसभेत या विषयाला स्थान द्यावे. सदस्य स्वतः वर्गात उभे राहिले तर लोकांचा संकोच लवकर दूर होईल. शिक्षकांनी साधने हाताळण्यास मदत करावी. वरच्या वर्गांतील विद्यार्थी आपल्या आजी-आजोबांना मोबाईल वापरण्यास शिकवू शकतील. आशा कार्यकर्तीने तपासणीत आढळलेल्या व्यक्तींना वर्गापर्यंत आणावे. तिच्यावर आधीच अनेक कामांचा भार असल्याने वर्ग चालविण्याची जबाबदारी मात्र गावातील प्रशिक्षित स्वयंसेवकाकडे किंवा बचत गटाकडे सोपवावी. वैद्यकीय अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा वर्गास भेट द्यावी. पंचायत समितीच्या अधिकाऱ्यांनी कामाचे मोजमाप करताना पाठविलेल्या चित्रफितींची संख्या न पाहता सहा महिन्यांनंतरही नियमित येणाऱ्यांची संख्या पाहावी.

मधुमेह हा आयुष्यभर सोबत राहणारा रोग आहे. त्याच्याशी चाललेल्या झुंजीत औषध शरीराला सावरते, व्यायाम शरीर व मन दोघांनाही बळ देतो आणि मोबाईल त्या व्यायामाचे शिक्षण दारापर्यंत आणतो. परंतु सकाळी वर्गात न दिसलेल्या माणसाचे दार ठोठावून ‘आज का आला नाहीत?’ असे विचारण्याचे काम गावालाच करावे लागेल. चिखली तालुक्यातील ग्रामपंचायतींनी एवढे अंगावर घेतले, तर या आजारामुळे मनाने खचत चाललेल्या पुष्कळ माणसांना वेळीच सावरता येईल.